वरची पूर्ण कवळी मागून सुटते आणि मधोमध तडकते: दोष मटेरियलचा की करण्याच्या पद्धतीचा?

लॅबवाला_दारव्हा

दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यातल्या दवाखान्यांचं काम करणारी लहान लॅब आहे. हीट क्युअरच्या (उष्णतेनं घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकच्या) पूर्ण कवळ्यांत दोन तक्रारी सारख्या परत येतात.

पहिली: वरची कवळी मॉडेलवर चपखल दिसते, तोंडात मात्र टाळूच्या मागच्या कडेला धरत नाही. पेशंटनं 'आ' केलं की खाली येते. उन्हाळ्यात हे जास्त होतं. दुसरी: वर्ष-दीड वर्षात वरची कवळी पुढच्या दोन दातांमधून सरळ उभी तडकते. जोडून दिली की काही महिन्यांत त्याच रेषेत पुन्हा.

सध्याची पद्धत अशी: मॉडेल स्टोनचं (कडक प्लास्टर), फ्लास्किंग (फ्लास्क नावाच्या धातूच्या डब्यात साचा करणं) प्लास्टरमध्ये, पावडर भिजेल इतकं लिक्विड अंदाजानं, एक ट्रायल क्लोजर (फ्लास्क तात्पुरता दाबून पाहणं), मग गॅसवर उकळत्या पाण्यात तासभर. घाई असली की फ्लास्क सरळ नळाखाली. लाईन दिवसातून दोन-तीनदा जाते म्हणून इलेक्ट्रिक टाकी बंद ठेवली आहे.

डॉक्टर मंडळी म्हणतात मटेरियल बदला. कोणी हाय इम्पॅक्ट सुचवतं, कोणी फ्लेक्झिबल, कोणी म्हणतं नागपूरहून मिलिंग (मशीननं कोरून) करून आणा. खर्च वाढवण्याआधी नेमकं काय बदलायला पाहिजे?

---

फ्लास्क_आणि_क्लॅम्प

भाऊ, मटेरियलला हात लावू नका अजून. तुम्ही लिहिलेल्या पद्धतीतच तीन गोष्टी कवळी वाकवणाऱ्या आहेत: अंदाजानं घेतलेलं लिक्विड, थेट उकळतं पाणी आणि नळाखालचा फ्लास्क. याच पद्धतीनं महागातला डबा उघडला तरी तो तितकाच वाकेल.

लिक्विडपासून सुरुवात करू. नुसतं मोनोमर, म्हणजे हेच लिक्विड, घट्ट होताना आकारमानानं २१ टक्के आकसतं. पावडर आधीच घट्ट झालेली असते, ती आकसत नाही. म्हणून मापानं ३ भाग पावडर आणि १ भाग लिक्विड घेतलं की आकसणं ७ टक्क्यांच्या आसपास येतं. वरच्या एका कवळीला साधारण ३० मिली पावडर, १० मिली लिक्विड. लिक्विड जास्त झालं तर आकसणं वाढतं, डो (पॅक करायचा मऊ गोळा) उशिरा येतो, फुगे राहतात. कमी झालं तर काही दाणे कोरडे राहून कवळी पांढुरकी, दाणेदार होते. पाच-दहा रुपयांचा मापाचा कप आणा, डोळ्यावर विसंबू नका.

आता क्युअरिंग. मोनोमर १००.८ अंशांना उकळतं. फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात गेला की आतली रासायनिक उष्णता बाहेरच्या उष्णतेत मिसळते आणि जाड भागात मोनोमरची वाफ होते. खालच्या कवळीच्या मागच्या दातांखाली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसत असतील तर ती हीच. पॉलिशमध्ये ती बुजलेली दिसतात, पण ताकद गेलेली असते.

गॅसवर करायचं तर असं करा. फ्लास्क साध्या पाण्यात ठेवा, पाणी फ्लास्कच्या वर चार बोटं. तासाभरात ७४ अंशांपर्यंत न्या. तिथे दीड ते दोन तास धरा. मग उकळी आणून एक तास. थर्मामीटर पाण्यात लटकता ठेवा, भांड्याच्या बुडाला टेकवू नका. इलेक्ट्रिक टाकी असेल तर ७४ अंशांवर ८ तासांची लांब सायकल सगळ्यात निवांत. लाईन गेली तरी झाकण काढायचं नाही. टाकीला गोणपाट गुंडाळलं तर तापमान हळू उतरतं. लाईन आली की ७४ वर पोचल्यापासून पुढचा वेळ मोजा. अर्धवट शिजलेल्या कवळीत मोनोमर उरतं, त्यानं हिरडीची आग होते आणि कवळी मऊ राहते. नीट शिजलेल्या हीट क्युअरमध्ये ते अर्ध्या टक्क्याच्या खाली असतं, सेल्फ क्युअरमध्ये (न तापवता घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकमध्ये) ३ ते ५ टक्के.

आणि नळ! ॲक्रिलिक थंड होताना प्लास्टरपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. फ्लास्क एकदम गार केला की हा ताण आत कोंडून राहतो आणि कवळी मॉडेलवरून काढताच सुटतो. म्हणूनच तुम्हाला मॉडेलवर ती चपखल दिसते. फ्लास्क भांड्यातल्या पाण्यासोबतच गार होऊ द्या, रात्रभर राहिला तर उत्तम. फारच घाई असेल तर ३० मिनिटं टेबलावर, त्यानंतर १५ मिनिटं साध्या पाण्यात. त्याहून कमी नाही.

ट्रायल क्लोजर एकच करता हे वाचून बिचकलो. किमान दोन करा, मध्ये प्लास्टिक शीट, प्रेसचा दाब हळूहळू, निघालेला फ्लॅश (बाहेर आलेला जादा डो) कापत जा. शेवटी फ्लास्कचे दोन्ही धातूचे काठ एकमेकांना भिडलेच पाहिजेत. कागदाएवढा फ्लॅश राहिला की तेवढी बाईट (वरखालच्या दातांची मिळणी) उघडते आणि मग डॉक्टर दात घासत बसतात. क्लॅम्प लावल्यावर अर्धा ते एक तास तसंच ठेवा, मगच पाण्यात टाका.

---

प्रोस्थो_मोर्शी

वरचं सगळं बरोबर आहे, पण सगळा दोष लॅबच्या माथी मारू नका. दोष कुठे आहे हे पाहायची सोपी तपासणी आहे आणि ती फार कमी लॅब करतात.

मास्टर मॉडेलवर पोस्ट डॅम (कवळीची मागची कड टाळूत घट्ट बसावी म्हणून कोरलेली खाच) कोरून झाल्यावर, फ्लास्किंगच्या आधी, त्याचं डुप्लिकेट काढून ठेवा. अल्जिनेटमध्ये (मापाचा लवचिक मसाला) माप घेऊन लगेच स्टोन ओता. मॉडेल आधी भिजवायला विसरू नका. कवळी तयार झाली की डुप्लिकेटवर बसवा. बाजूला अंडरकट (आत वळलेले, कवळी अडवणारे भाग) असतील तर डुप्लिकेटचे ते भाग खरवडा. मग मागच्या कडेनं पातळ कागदाची पट्टी सरकवून पाहा.

पट्टी टाळूच्या मध्यात सहज आत गेली, तर दोष प्रोसेसिंगचा. पट्टी अडली आणि तोंडात तरीही कवळी सुटली, तर दोष मापाचा किंवा पोस्ट डॅमचा, म्हणजे आमच्या बाजूचा.

थोडी फट येणारच. हीट क्युअर रेषेत ०.३ ते ०.५ टक्के आकसतं. ५० मिमी रुंदीच्या कवळीत हा पाव मिलिमीटरपर्यंतचा फरक होतो, आणि दोन्ही बाजूच्या भिंती आत ओढल्या गेल्यानं तो टाळूच्या मागच्या मधल्या भागात सगळ्यात जास्त दिसतो. पोस्ट डॅम असतो तो हीच फट भरायला.

आता खरी गंमत. बऱ्याच ठिकाणी पोस्ट डॅमची रेघ लॅबमध्ये अंदाजानं कोरतात, कारण डॉक्टरनं ती आखूनच दिलेली नसते. ती रेघ मॉडेल पाहून कळतच नाही. पेशंटला 'आ' म्हणायला लावायचं, टाळूचा हलणारा आणि न हलणारा भाग जिथे भेटतो तिथे कॉपिंग पेन्सिलनं तोंडातच खूण करायची, आणि बेस (कवळीचा तात्पुरता तळ) बसवून ती मॉडेलवर उतरवायची. कोरताना मध्यरेषेवर साधारण अर्धा मिमी, दोन्ही बाजूंच्या मऊ भागात १ ते १.५ मिमी, आणि शेवटच्या दाढेमागच्या खाचेकडे जाताना परत उथळ. पुढच्या बाजूला उतार देऊन शून्यावर आणा, पायरी ठेवू नका. पायरी राहिली तर टाळूला जखम होते.

कवळी कधी सुटते यावरूनही बरंच कळतं. 'आ' केल्यावर सुटली तर मागची कड हलत्या टाळूवर लांब गेली आहे, किंवा रेघेच्या अलीकडेच संपली आहे. पुढचे दात बोटानं बाहेर ढकलल्यावर मागून सुटली तर पोस्ट डॅम अपुरा. तोंड मोठं उघडल्यावर, जांभई देताना सुटली तर दाढांच्या बाहेरची भिंत मागे फार जाड आहे, जबड्याचं हाड तिला ढकलतं. हसताना सुटली तर गालाच्या फ्रेनमची (गाल आणि हिरडी जोडणाऱ्या पडद्याची) खाच अपुरी. लॅबला कवळी परत पाठवताना 'ढिली आहे' एवढंच लिहून पाठवणाऱ्या डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा, राग आला तरी चालेल.

मापाचं थोडक्यात: स्टॉक ट्रेमधल्या अल्जिनेटच्या एका मापावर पूर्ण कवळी करायची नाही. स्पेशल ट्रे (त्याच पेशंटसाठी केलेला), कडा ग्रीन स्टिकनं (तापवून मऊ होणारी कांडी), वर झिंक ऑक्साइड पेस्ट किंवा लाईट बॉडी सिलिकॉन. अल्जिनेट प्राथमिक मापालाच, आणि तेही दहा-पंधरा मिनिटांत ओतायचं. ओल्या फडक्यात गुंडाळून संध्याकाळच्या गाडीनं दुसऱ्या गावच्या लॅबला धाडलेलं अल्जिनेट मापाच्या कामाचं राहत नाही.

---

लॅबवाला_दारव्हा

डुप्लिकेटची युक्ती आजपासून सुरू. पोस्ट डॅमच्या रेघेबद्दल म्हणाल तर दहातल्या एखाद्याच केसला आखलेली येते, बाकी आम्हीच कोरतो.

दोन प्रश्न राहिले. उन्हाळ्यात डो दोन-तीन मिनिटांतच रबरासारखा होतो, काय करावं? आणि जोडकामाला घरचा प्रेशर कुकर वापरला तर चालतो का?

---

फ्लास्क_आणि_क्लॅम्प

मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४० च्या वर पारा असतो, डो धावणारच. रबरी झालेला डो कोंबला की फ्लास्क मिटत नाही, दात जागचे हलतात, बारीक खाचा भरत नाहीत. पॅकिंग सकाळी सातच्या आत उरका. पावडर, लिक्विड आणि काचेचा डबा आधी फ्रीजमध्ये गार करा. पण डबा घट्ट झाकूनच, आणि उघडण्याआधी बाहेरून आलेलं दव पुसून. पाण्याचा थेंब डोमध्ये गेला की तिथे पांढरा डाग. डबा उघडा ठेवून पुन्हापुन्हा बोटानं पाहायची सवय सोडा, त्यात मोनोमर उडून जातं. चमच्यानं ओढल्यावर तार तुटते आणि डब्याला चिकटत नाही, तेव्हा पॅक करायचं.

उन्हाळ्यात जास्त तक्रारी येण्याचं दुसरं कारण शेलॅकचा (लाखेचा) बेस आणि मेण. एसटीच्या टपावरून किंवा दुचाकीच्या डिकीतून आलेली ट्राय-इन (तोंडात बसवून पाहायची मेणाची कवळी) मॉडेलवरून उचलली गेलेली असते, मेणातले दात सरकलेले असतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मेणाचं काम मॉडेलवरच, थर्माकोलच्या डब्यात, बर्फाची पिशवी शेजारी ठेवून सकाळच्या पहिल्या गाडीला द्या. शेलॅकऐवजी सेल्फ क्युअरचा बेस करा.

कुकर नको. जोडकामासाठी साधारण २ बार दाब आणि ४० ते ४५ अंशांचं कोमट पाणी लागतं. घरच्या कुकरमध्ये दाब वाफेनंच तयार होतो आणि तोवर आत १२० अंशांच्या जवळ पोचलेलं असतं. जुनी कवळी त्यात वाकते. सायकलच्या पंपानं हवा भरता येईल असा, व्हॉल्व्ह आणि मीटर बसवलेला प्रेशर पॉट वेगळा मिळतो.

---

सावंगी_प्रोस्थो

तडकण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

वरची कवळी मधोमध तडकते ती बहुतेक वेळा पडून नाही, वाकून वाकून. दात काढल्यावर हिरडीखालचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात वेगानं. टाळूचा मधला हाडाचा भाग मात्र झिजत नाही. काही काळानं कवळी त्या मधल्या उंचवट्यावर तोलली जाते आणि चावताना दोन्ही बाजूला झुलते. तार दोन्हीकडे वाकवून तोडतो ना, तसं. भेग सुरू होते ती ओठाच्या फ्रेनमच्या खाचेतून. खाच खोल, अरुंद आणि टोकदार असेल तर भेगेला आयताच रस्ता मिळतो. खाच बुडाशी गोलसर करा आणि आतूनही पॉलिश करा. लॅबमध्ये हा कोपरा सहसा राहून जातो.

म्हणून जोडण्याआधी बघायचं की झुलते का. दोन्ही बाजूच्या दाढांवर आळीपाळीनं बोटानं दाबा. झुलत असेल तर नुसतं जोडून उपयोग नाही. जोडून मग रीलाईन (आतून नवा थर) करावी लागते, आणि टाळूच्या मध्यात उंचवटा असेल तर तिथे आतून थोडा रिलीफ (मोकळी जागा). तुमच्याकडे परत त्याच रेषेत तुटते ती याचमुळे, डिंक कच्चा म्हणून नाही.

जोडताना: दोन्ही तुकडे स्टिकी वॅक्सनं आणि दाताच्या बाजूनं आडव्या लावलेल्या काड्यांनी पक्के करा, आत प्लास्टर ओता. सुटे करून भेगेच्या दोन्ही कडा घासून ३ मिमी फट ठेवा, कडा तिरप्या आणि गोलसर. घासलेल्या पृष्ठभागावर मोनोमर ३ मिनिटं लावून ओला ठेवा, मग सेल्फ क्युअर थोडं उंच भरा. इन्स्टंट ग्लूनं चिकटवून आणलेली कवळी असेल तर ग्लूचा थर पूर्ण घासूनच पुढे जा. ग्लू लावताना तुकडे किंचित सरकलेले असतात, ते तसेच जोडले तर कवळी कधीच बसणार नाही.

आत जाळी टाकायची पद्धत आहे. साधी जाळी ॲक्रिलिकला रासायनिक चिकटत नाही, उलट तिच्याभोवती भेग सुरू होऊ शकते. तुटल्यावर दोन तुकडे जाळीला लोंबकळत राहतात, एवढाच तिचा फायदा. घालायचंच तर सिलेन (ॲक्रिलिकला चिकटवणारा लेप) लावलेले काचतंतू.

खाली स्वतःचे पुढचे दात शाबूत आणि वर पूर्ण कवळी, ही केस वेगळी धरा. खालचे दात वरच्या हिरडीला पुढे ठोकत राहतात, हाड जाऊन हिरडी मऊ लोंबती होते. अशा हिरडीचं माप दाबून घेतलं तर कवळी दर वेळी उसळते. ट्रेला तिथे खिडकी ठेवून पातळ मापानं घ्यायचं. इथे मात्र मटेरियलला अर्थ आहे: हाय इम्पॅक्ट, किंवा टाळूला कोबाल्ट-क्रोमची ओतीव प्लेट.

---

लॅबवाला_दारव्हा

मग हाय इम्पॅक्ट, फ्लेक्झिबल, धातू, मिलिंग यांत फरक नेमका काय? पेशंट 'न तुटणारी' म्हणून फ्लेक्झिबलच मागतात.

---

प्रोस्थो_मोर्शी

हाय इम्पॅक्टमध्ये रबराचे बारीक कण असतात, ते भेग पुढे सरकू देत नाहीत. मोरीत, फरशीवर पडण्याला ते चांगलं. पण आकसतं ते साध्या हीट क्युअरसारखंच, त्यामुळे बसण्यात फरक नाही. पद्धत तीच, सायकल कंपनीच्या कागदावर दिलेली पाळा.

फ्लेक्झिबल म्हणजे नायलॉन. एक-दोन दातांच्या काढत्या पट्टीला, तारेचा हुक दिसायला नको असेल तिथे ठीक. पूर्ण कवळीला घेऊ नका. न तुटणं म्हणजे वाकणं, आणि वाकणारा बेस चावण्याचं ओझं सगळ्या हिरडीवर पसरवत नाही, दाबलेल्या जागीच टोचतो. ॲक्रिलिकचे दात नायलॉनला चिकटत नाहीत, दाताला पाडलेल्या भोकांत अडकून राहतात, म्हणून सुटतात. रीलाईन जवळजवळ होत नाही. एकदा ट्रिम केला की पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि त्यावर बुरशी धरते. पेशंटला एवढंच सांगा: ही तुटणार नाही, पण ढिली झाली की दुरुस्तही होणार नाही.

कोबाल्ट-क्रोम अर्धा मिमी इतक्या पातळ जाडीतही ताठ, शिवाय चहाची उष्णता टाळूला जाणवते, हे लोकांना आवडतं. पोस्ट डॅमचा भाग मात्र ॲक्रिलिकमध्येच ठेवायला सांगा, नाहीतर पुढे दुरुस्त करता येत नाही.

मिलिंगची चकती कारखान्यात दाब आणि उष्णतेखाली आधीच शिजलेली असते. आकसायचं ते आकसून झालं, आता फक्त कोरायचं. म्हणून टाळूला ती सर्वांत जवळ बसते आणि उरलेलं मोनोमरही कमी. पण माप चुकलं असेल तर ती चूकही तितकीच जशीच्या तशी कोरली जाते. प्रिंटेड (३डी प्रिंटरवर केलेली) वेगळी गोष्ट: थर ५० ते १०० मायक्रॉनचे, धुणं आणि शेवटचं लाईट क्युअरिंग नीट झालं नाही तर वाकते. ताकद मिलिंगपेक्षा कमी, डाग लवकर. तात्पुरत्या कवळीला किंवा ट्राय-इनला चांगली. तुमच्या दोन तक्रारींसाठी आधी मापाचा कप आणि थर्मामीटर.

---

दर्यापूर_दंतघर

दोन गोष्टी राहिल्या राजेहो.

एक, पाणी. आमच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट. मीठ प्लास्टर-स्टोनची घट्ट होण्याची गती बदलतं, मग त्याच मापानं कधी घाईत घट्ट, कधी मॉडेल भुसभुशीत. स्टोनला १०० ग्रॅमला २८ ते ३० मिली, प्लास्टरला ४५ ते ५० मिली पाणी, आणि तेही आरओचं किंवा बाटलीबंद. तयार कवळ्यांवरही याच पाण्याचा पांढरा थर बसतो. पूर्ण ॲक्रिलिकची असेल तर निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर यात तासभर ठेवून ब्रश करायला सांगा. खडे मीठ, राख, मशेरी, दंतमंजन यांनी घासू नका म्हणावं. त्या बारीक चरांत नंतर काळं बसतं. उकळत्या पाण्यात टाकून 'निर्जंतुक' करणारेही आहेत, ती कवळी वाकली म्हणून समजा.

दुसरी, खर्रा. सुपारीचा तुकडा एका बाजूनं फोडला की कवळी दुसऱ्या बाजूनं उचलली जाते, म्हणजे वर मॅडमनी लिहिलेलं झुलणंच, दिवसात वीस वेळा. चुना-तंबाखूचा डाग पॉलिशच्या आत शिरतो. त्याहून मोठी अडचण माप घेताना: खर्ऱ्यानं तोंड उघडणंच कमी झालेलं असतं, दोन बोटंही जात नाहीत. मोठा ट्रे कोंबू नका, कोपरा फाटतो आणि माप ओढलं जातं. ट्रे दोन भागांचा करा, उजवा-डावा वेगळा घालून तोंडात खाचेनं जोडायचा. कवळीच्या भिंतीही थोड्या आखूड ठेवाव्या लागतात, नाहीतर पेशंटला ती घालताच येणार नाही. आणि तोंड उघडत नसलेल्याला आधी तपासणीला पाठवा, पांढरा-लाल चट्टा असेल तर कवळी थांबू शकते.

---

सावंगी_प्रोस्थो

दर्यापूरकरांच्या पाण्याच्या मुद्द्याला जोडून: कवळी दिल्यावरही पाण्यातच राहायला पाहिजे. ॲक्रिलिक पाणी शोषून किंचित फुगतं, त्यानं आकसण्याचा काही भाग भरून निघतो. पण हे संपायला दोन आठवड्यांहून जास्त लागतात. लॅबनं निदान २४ तास पाण्यात ठेवून, मग ओल्या कापसासकट बंद पिशवीत पाठवावी. उघड्या पाकिटात उन्हातून आलेली कवळी पहिल्या दिवशीच वेगळी बसते, आणि डॉक्टर आतून घासायला लागतात. एकदा आतून घासलं की मग तपासायला तुमचं डुप्लिकेटही उपयोगाचं नाही.

---

लॅबवाला_दारव्हा

या आठवड्यात सहा वरच्या कवळ्या आहेत. तीन जुन्या पद्धतीनं आणि तीन ७४ अंशांच्या सायकलनं, रात्रभर गार करून करतो. सहाही डुप्लिकेटवर बसवून कागदाच्या पट्टीचा निकाल इथे टाकतो. पोस्ट डॅमची खूण करून द्या म्हणून सहाही डॉक्टरांना निरोप दिला आहे, दोघांनी 'तुम्हीच बघा' असं कळवलं.

---

प्रोस्थो_मोर्शी

त्या दोन कवळ्या तुलनेतून बाहेर ठेवा, नाहीतर निकाल कशाचा ते कळणार नाही. आणि सगळ्यांना डबा एकच, एकाच बॅचचा वापरा.